एक तृतीयांश काळा

काळा रंग उदास असतो, हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीतल्या सगळ्यांना भूक लागली होती. एवढंच त्यामागचं शास्त्र. बालचित्र महामंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी अकरापासून नऊ शहाणी माणसं खल करत बसली होती. विषय असा, की पहिली-दुसरीतली पोरं चित्रात कुठला रंग किती फासतात यावरून त्यांच्या मनाची तब्येत कशी ओळखायची. एका मानसतज्ज्ञ बाईंनी कुठल्याशा निबंधाचा दाखला दिला. दुसऱ्याने त्यावर आक्षेप घेतला. तेवढ्यात बाहेर ताटांचा आवाज झाला, आणि संचालक डॉ. मिहीर कारखानीस घड्याळाकडे बघून म्हणाले, "मग असं करू या. पानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काळा असला, की मूल उदास. सगळ्यांना मान्य?" सगळ्यांना मान्य. नियम झाला, आणि मंडळी मसालेभातावर तुटून पडली.

त्या नऊ शहाण्यांत विजयमाला गिराम होती. महामंडळाची चित्रकार, वय सेहेचाळीस, मूळची परभणीकडची. नियम ऐकताच तिला खटकलं होतं. तिच्या सोनखळी गावात जमीन काळीभोर. तिथे शेतालाही 'काळी'च म्हणतात. घरं असतात ती 'पांढरी'. माणूस काळीत गेलाय म्हणजे शेतात गेलाय. त्या बाजूचं पोर चित्रात झाड, बैल आणि जमीन काढणार, तर खालचं अर्धं पान काळंच होणार, दुसरं काय होणार? हे त्या नऊजणांत एकट्या विजयमालाला माहीत होतं. आणि ती गप्प बसली. कारण काही फार मोठं नव्हतं. त्या खोलीत तिला पहिल्यांदाच बोलावलं होतं, आणि "आमच्याकडे काय असतं..." अशी सुरुवात करायची तिला लाज वाटली. बस्स. वीस वर्षं पुण्यात घासून घासून तिने जीभ गुळगुळीत केली होती, ती एका मातीसाठी कशाला खरवडून घ्यायची?

पुढचं काम त्याहून लाजिरवाणं. यंत्राला दुःख कळत नाही, त्याला शिक्का कळतो. आधी माणसाने हजारो चित्रं बघून प्रत्येकावर 'प्रसन्न' किंवा 'उदास' असा शिक्का मारायचा. मग यंत्र ती चित्रं आणि ते शिक्के पुन्हा पुन्हा ताडून बघतं, कुठल्या रंगापाशी कुठला शिक्का येतो त्याचा ठोकताळा मनाशी बांधतं, आणि नंतर न पाहिलेल्या चित्रावरही तसाच शिक्का मारतं. शहाणपणा जो काही असेल तो शिक्का मारणाऱ्याचा. यंत्र नुसती री ओढतं, फक्त ती फार वेगाने ओढतं. चाळीस हजार चित्रांवर शिक्के मारायचं काम विजयमालाकडे आलं. गठ्ठे कोकणातले होते, पुण्या-नाशकाकडचे होते, आणि साडेसहाशेएक चित्रं मराठवाड्यातली होती. त्यांत काळ्या जमिनीवर लाल लुगड्यातल्या बाया होत्या, पिवळीधमक सूर्यफुलं होती, शेपटी वर करून उधळलेली वासरं होती. कुणालाही कळलं असतं की ही पोरं मजेत आहेत. तिने ती चित्रं दोन दिवस बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी कारखानिसांच्या मदतनिसाला विचारलं, "ही काळी आहे, म्हणजे माती. हिचं काय करायचं?" तो म्हणाला, "काळी म्हणजे? नियम काय आहे? एक तृतीयांश." आणि हसला. त्या हसण्याला घाबरून या बाईने साडेसहाशे चित्रांवर 'उदास' असा शिक्का मारला. अक्षरशः पाट्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत काम संपलंसुद्धा.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत 'बोलकं पान' आहे. ते दिसतं जाड कागदासारखं, वाकतं, पाण्याने भिजत नाही. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या, रंगीत कणांच्या कुप्या असतात; विजेची हलकी कळ लागली की हवा तो रंग वर येतो, बाकीचे खाली बसतात. मूल बोटाने रंग भरतं. पानाच्या कोपऱ्यात मसुरीच्या डाळीएवढं भिंग असतं. ते मुलाच्या डोळ्यावर अदृश्य प्रकाश टाकून बुबुळ किती रुंदावलं, नजर कुठे अडली, कुठून उडाली हे टिपत राहतं. नजर उडाली की पान चित्र बदलतं. सुरुवातीला यातून खरंच चांगलं झालं, तेवढं मान्य केलं पाहिजे. जुन्या पुस्तकांतली गिचमीड गेली. एका पानावर एक कोंबडी, चार सपाट रंग, जाड रेघ. आणि पोरं अक्षराकडे बघायला लागली.

ती कोंबडी विजयमालाची. तीन वळणांत काढलेली, डोकं किंचित तिरकं. सोप्या चित्रात एका रंगाने एकच काम करायचं, हा तिचा मंत्र. सहा वर्षांचं पोर रेघेच्या आधी रंग वाचतं. म्हणून झाडाचा पाला हिरवा, तर सगळा एकच हिरवा. उगाच छटा नकोत, सावल्या नकोत. राज्यातल्या प्रत्येक वर्गात तिची कोंबडी होती, तिचा बैल होता, तिची विहीर होती, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'चित्रे : वि. गिराम' असं होतं. कुठल्याही गावात गेली की ती आधी शाळेत डोकावून ते नाव बघून यायची. मिरवायला दुसरं काही नव्हतं तिच्याकडे. लग्न केलं नव्हतं, घर म्हणजे दोन खोल्या आणि एक टेबल.

आणि पानावर एक सूर्य होता. तोही तिचाच. मुलाने रंग भरले की तो हसायचा. 'प्रसन्न' रंग जास्त असले की जास्त हसायचा. महिन्याअखेर प्रत्येक मुलाचा प्रसन्नांक निघायचा, शंभरपैकी. सलग तीन महिने तिसाच्या खाली गेला, की मुलाला जिल्ह्याच्या 'आनंदनिवासा'त नव्वद दिवस ठेवायचं. तिथे भिंती गुलाबी, दारं पिवळी, आणि आईबापांना पंधरवड्यातून एकदा भेट. का, तर घरचं वातावरणच दुःखाचं मूळ असतं म्हणे! हे ज्याने ठरवलं त्याला बहुतेक चहाची तल्लफ आली असावी.

फोन आला तो मंगळवारी दुपारी. विजयमालाचा धाकटा भाऊ सुदाम. सोनखळीत फवारणीची ड्रोनं दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. एरवी फोनवर तो तिला आधी खिजवल्याशिवाय बोलायचा नाही. त्या दिवशी त्याने थेट विषयालाच हात घातला.

"अक्का, ईश्वरीला न्यायचं म्हनायलेत."

"कुठे न्यायचं?"

"त्या आनंदनिवासात. कागद आलाय. एकोणीस अंक हाय म्हनं तिचा. तीन महिने झाले. अक्का, मपली पोरगी दिवसभर नुसती दात काढत फिरती. तिला कामून न्यायलेत?"

ईश्वरी म्हणजे सुदामची मुलगी, सात वर्षांची, दुसरीत. विजयमालाने विचारलं, "चित्रात काय काढलंय तिने?" आणि उत्तर यायच्या आधीच तिला ते कळलं.

"काय काढनार? मपलं शेत काढलंय," सुदाम म्हणाला. "सोमवारी गाडी येती. आज मंगळवार."

बुधवारी दुपारी ती सोनखळीच्या शाळेत उभी होती. वर्गात बावीस पोरं. भिंतीवर बावीस पानं लावलेली, आणि एकवीस पानांवर जमीन तपकिरी. एकसारखी, गोड, चॉकलेटच्या वेष्टनासारखी तपकिरी. फक्त एका पानावर खालचा अर्धा भाग काळाकुट्ट, त्यावर एक पांढरा बैल, आणि वरच्या कोपऱ्यात विजयमालाचा सूर्य रुसून बसलेला.

वर्गशिक्षक लोमटे सर पन्नाशीचे होते. त्यांनी आधी खिडकी लावून घेतली, जणू पानाला ऐकू जातं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पहिल्याच महिन्यात सगळ्या वर्गाचा अंक पंचविसाच्या खाली आला होता. मला नोटीस आली, तुमच्या वर्गात दुःख का आहे म्हणून. आता काय सांगू त्यांना? मग मी पोरांना सांगितलं, जमीन तपकिरी करायची. झालं. दुसऱ्या महिन्यात वर्ग ऐंशीवर. मला सत्कारालासुद्धा बोलावलं."

"आणि ईश्वरी?"

"ती ऐकतच नाही हो! दहा वेळा सांगितलं. म्हणते, सर, तो चपलेचा रंग आहे." सरांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "खरं सांगू? बरोबर आहे तिचं. पण माझी पाच वर्षं राहिलीत नोकरीची."

विजयमालाला त्या माणसाची किळस आली. केवढा भित्रा! पोरांना डोळ्यांदेखत खोटं शिकवतो आणि वर सत्कार घेतो! मग तिच्या लक्षात आलं की हा बिचारा निदान बावीस पोरांपुरताच खोटं बोलला होता. तिने खिडकी उघडली.

ईश्वरी मधल्या सुट्टीत पळत आली आणि आत्याच्या कमरेला चिकटली. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. "आत्या, तू पाह्यलंस का मपलं? बैल पांढरा ठेवला म्हनून दिसतोय. तपकिरीवर नसता दिसला."

हे बरोबर होतं. चित्रकलेच्या शाळेत पाच वर्षं घालवून विजयमाला जे शिकली होती ते ही सात वर्षांची पोरगी आपलं आपण शिकली होती. गडद जमिनीवर पांढरा आकार उठून दिसतो; एक रंग, एक काम. विजयमालाने त्या चित्राकडे पुन्हा पाहिलं. गेल्या दहा वर्षांत तिच्या हातून इतकं चांगलं काही उतरलं नव्हतं. तिला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीती वाटली. नव्वद दिवस गुलाबी भिंतींत ठेवून ही नजर धुऊन काढतील, आणि तसं प्रमाणपत्रही देतील.

"ते सूर्यबाबा रुसतात की गं," ती म्हणाली.

"रुसू दे. त्याला कुठं ठावं हाय मपलं शेत? तो तर पानात ऱ्हातो."

शुक्रवारी सकाळी ती कारखानिसांच्या खोलीत शिरली. वेळ घेतली नव्हती. कारखानीस गोरेगोमटे, मृदू बोलणारे. कुणाचं म्हणणं खोडायचं असलं की आधी "अगदी बरोबर" म्हणायचे.

"सर, एक तृतीयांशाचा नियम चुकीचा आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "काळ्या जमिनीच्या भागात पोरं जमीन काळी काढतात. ती उदास नसतात. जमीन काळी असते."

"अगदी बरोबर," कारखानीस म्हणाले. "बसा ना."

ती बसली नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"गेल्या वर्षीच लक्षात आलं. नकाशा काढला आम्ही. उदास मुलं आणि काळी माती, तंतोतंत एकावर एक बसतात. फार सुंदर नकाशा आहे तो." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खरंच, चौकटीत लावला होता. "पण तोवर आम्ही त्या भागाला उदासपट्टा म्हणून जाहीर केलं होतं. बाहेरची राज्यं अभ्यासाला आली. आनंदनिवास सुरू झाले. अकरा हजार मुलं त्यातून जाऊन आली, आणि ब्याण्णव टक्के सुधारली."

"सुधारली म्हणजे काय झालं?"

"तपकिरी लावायला लागली."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की विजयमालाला क्षणभर वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. या माणसाला समोरचं खोटं दिसत होतं, आणि त्याची एक पापणीही हलत नव्हती. ती म्हणाली, "सर, त्या मुलांना काही झालं नव्हतं!"

"गिराम मॅडम, हे आता मी कुणाला सांगू? इतक्या लोकांना बोलावून म्हणू, की माफ करा, ती नुसती माती होती? काळी आई वगैरे गाण्यात ठीक आहे हो." त्यांनी खणातून एक कागद काढला. "अर्थात, मार्ग आहे. शिकवण चुकली असेल तर शिक्के मारणाऱ्याने माघारपत्र द्यायचं. चाळीस हजार शिक्के तुमचे आहेत, प्रत्येकावर तुमची सही आहे. तुम्ही लिहून द्या, की चित्रांतला काळा रंग जमिनीचा आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी ती उदास ठरवली. मी आजच्या आज पुढे पाठवतो. यंत्र नव्याने शिकवू. सगळी प्रकरणं रद्द होतील, तुमच्या भाचीचंही."

विजयमालाने कागद हातात घेतला. "आणि माझं?"

"तुमची चित्रं पानांवरून काढावी लागतील. जाणूनबुजून चुकीचे शिक्के मारणाऱ्या बाईची कोंबडी मुलांपुढे कशी ठेवणार? लोक विचारतील." मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "किंवा मग असं करू. तुमच्या भाचीची फेरतपासणी लावतो. उद्या, शनिवारी, तिच्याच शाळेत. एक चित्र काढेल, अंक पन्नासच्या वर गेला की नाव कटलं. तुम्ही रंगतज्ज्ञ आहात. तिला थोडं समजावून सांगा."

आता इथे एखादी बाई कागद टेबलावर आपटते, सही ठोकते, दार ढकलून बाहेर पडते. विजयमालानेही मनातल्या मनात ते तीन वेळा केलं. अकरा हजार पोरं जाऊन आली होती. दर सोमवारी गाडी येत होती आणि आणखी पोरं नेत होती. एक सही, आणि ती गाडी थांबली असती. हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण तिला राज्यभरातल्या वर्गांतली ती कोंबडीही दिसत होती, आणि कोंबडीच्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी गुबगुबीत, पापण्या फडफडवणारा पक्षी दिसत होता. खालच्या ओळीत दुसऱ्याचं नाव. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "मी नंतर लिहून देते. आधी फेरतपासणी लावा." नंतर! स्वतःची फसवणूक करायला माणसाला एवढा एकच शब्द पुरतो.

"अगदी बरोबर," कारखानीस म्हणाले.

शनिवारी तपासणी दुपारी तीनला होती. विजयमाला आदल्या दिवशीच गाडी करून सोनखळीला आली होती, आणि सकाळी आठला तिने ईश्वरीला समोर बसवलं. सुदामची बायको मीरा दारात उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "अक्का, तुमच्याच हातात हाय आता," ती म्हणाली. "रात्रभर झोपली नाई मी. लेकरू तिकडं एकटं कसं ऱ्हाईल?"

विजयमालाने सरावाचं पान मांडलं. "ईशू, आज आपण पानाला खूश करायचं. खेळ आहे. बैल काढ, झाड काढ, आणि जमीन तपकिरी कर."

"ती तर चपलेचा..."

"माहीत आहे मला. पण आजच्यापुरतं."

"म्हंजी खोटं काढायचं?"

पोरीने सरळ विचारलं होतं. विजयमालाला सरळ उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, "खोटं नाही गं. सोपं."

हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आयुष्यभर तिने या एका शब्दावर भाकरी खाल्ली होती. सोपं चित्र म्हणजे उगाचचं सगळं काढून टाकून खरं तेवढं ठेवणं, हे ती नव्या चित्रकारांना बजावून सांगायची. आता तोच शब्द तिने एका लेकराच्या डोळ्यांवर पट्टीसारखा बांधला.

ईश्वरीने बोट तपकिरीवर ठेवलं, जमिनीवर एक फराटा ओढला, थांबली. कोपऱ्यातला सूर्य जरासा हसला. पोरीच्या ते लक्षात आलं. तिने आणखी एक फराटा ओढला. सूर्य आणखी हसला.

"आत्या, हा बघायलाय!"

"हो. त्याला काय आवडतं ते ओळखायचं."

मग जे झालं ते बघून मीरा खूश झाली आणि विजयमाला गार पडली. पोरगी हुशार होती. तासाभरात तिने बैलाकडे बघणंच सोडून दिलं. ती सूर्याकडे बघायची आणि बोट फिरवायची. गुलाबी लावला, सूर्याचे गाल फुगले. पिवळा लावला, दात दिसले. बैल गुलाबी झाला, झाड पिवळं झालं, विहीर केशरी झाली. बैल जमिनीवर उठून दिसतो की बुडतो, याची आता तिला पर्वा नव्हती. मधेच ती खिदळत म्हणाली, "लई सोपंय गं हे!"

दुपारी तीनला तपासणीची बाई आली. ईश्वरीने बारा मिनिटांत चित्र पूर्ण केलं. प्रसन्नांक आला शहाण्णव. अख्ख्या जिल्ह्यात तेवढा कुणाचा नव्हता. लोमटे सरांनी पेढे वाटले. तपासणीच्या बाईंनी शेरा लिहिला, 'मूल आता अत्यंत आनंदी.' सुदामने डोळे पुसले आणि विजयमालाच्या पायाला हात लावला. "अक्का, तुझ्यामुळं पोरगी वाचली," तो म्हणाला. ती "असू दे, असू दे" म्हणत राहिली. कारखानिसांचा निरोप आला: 'अभिनंदन. अशी उदाहरणं आम्हाला हवीच आहेत. मुलीचं चित्र पुढच्या वर्षीच्या पानात आदर्श म्हणून घेऊ. खाली तिचंही नाव देऊ.'

विजयमालाने तो निरोप दोनदा वाचला. गुलाबी बैल आता राज्यातल्या प्रत्येक वर्गात जाणार होता.

उन्हं कलल्यावर ती ईश्वरीला घेऊन शेताकडे निघाली. तिला कशाची तरी खात्री करून घ्यायची होती. आजचा तेवढा एक दिवस, पोरीने खेळ खेळला, संपलं. आतलं कुठे जातंय? एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकलं असतं, तर विजयमाला निवांत पुण्याला गेली असती, आणि पर्समधल्या त्या कागदाची तिला फारशी आठवणही झाली नसती. वाटेत ईश्वरी उड्या मारत होती, पेढ्याने चिकट झालेली बोटं फ्रॉकला पुसत होती, आणि शहाण्णव हा आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बांधावर येऊन दोघी थांबल्या. समोर नुकतीच कुळवाची पाळी घातलेली जमीन पसरली होती, ढेकळन् ढेकूळ काळंशार, उन्हात चमकणारं. लांबवर दोन पांढरे बगळे त्यावर लख्ख दिसत होते.

"ईशू, इथे पान नाही," विजयमाला म्हणाली. "सर नाहीत, तपासणीची बाई नाही. फक्त मी आहे. आता खरं सांग. ही माती कुठल्या रंगाची आहे?"

ईश्वरीने मातीकडे पाहिलंच नाही. तिने मान वर करून आत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तपकिरी."

विजयमालाचा चेहरा पडला. पोरीने ते तत्काळ टिपलं.

"नाई, नाई, थांब," ती घाईघाईने म्हणाली, डोळे आत्याच्या ओठांवरून न हलवता. "पिवळी?" तिने क्षणभर वाट पाहिली. "गुलाबी?" पुन्हा वाट पाहिली. "मग तुला कोणती आवडती ती सांग ना आत्या, मी तीच म्हनते."